निघताना सांगायचं राहिलं

ताई, मी प्रभाकर. बोलतोय.

आधी नाव, मग बोलणं, हा तुमचाच नियम. तो न पाळता सुरुवात केली असती तर तुम्ही मान जराशी डावीकडे कलवून थांबला असतात आणि म्हणाला असतात, "कोण बोलतंय?" आवाज ओळखूनसुद्धा. मनमाडला रेल्वेच्या टेलिफोनवर हयात काढलेल्या बाईला चौदा वर्षं ऐकलेला आवाज ओळखू येत नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? पण नियम सगळ्यांना सारखा. आमच्यापैकी कुणी विसरलं की तुम्ही अगदी गोड आवाजात अनोळखी होऊन जायचात, आणि मला त्याचा फार राग यायचा.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. पेपरात चार ओळी आल्या. जन्मापासून अंध, अपंगांच्या संस्थेच्या अध्यक्षा, मागे पुतण्या आणि त्याचं कुटुंब. दिव्यांग असा शब्द छापला होता. तो शब्द नवीन आला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, नाव बदललं ते बरं झालं, आता जिना बदला म्हणावं. ते काही छापून आलं नाही.

नियमाचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा होता, आणि मला तुमच्याशी त्याबद्दलच बोलायचं आहे. खोलीतून उठताना "मी निघतो" असं म्हणायचं. संस्था नवीन असताना आपण दोघं एका कार्यालयात गेलो होतो. मी बाहेर झेरॉक्स काढायला गेलो आणि तुम्ही समोरच्या साहेबांना रॅम्पची गरज समजावत होतात. मी परत आलो तर साहेबांची खुर्ची रिकामी होती आणि तुम्ही त्या खुर्चीला अगदी मुद्देसूद सगळं सांगत होतात. मी हळूच तुमच्या कोपराला हात लावला. तुम्ही एक वाक्य अर्धं सोडून गप्प झालात. परतीच्या रिक्षातून सातपूरला आपल्या कार्यालयाशी उतरताना म्हणालात, "भाऊ, आपल्या बैठकीत असं व्हायला नको." त्याच महिन्यात नियम झाला. त्याचा ठराव माझ्याच अक्षरात आहे.

तुम्ही पहाटे झोपेत गेलात. पुतण्याने चहा नेऊन ठेवला, तो तसाच राहिला. कुणालाही "मी निघते" असं म्हणाला नाहीत. म्हणजे आपल्या नियमाप्रमाणे तुम्ही अजून खोलीत आहात. हे मी शिंदे मॅडमना गमतीने म्हणालो. मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या, संस्थेच्या खजिनदार, माझ्या बऱ्यावाईट विनोदांना हसणाऱ्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मलाही तसंच वाटतं.

पुतण्या तुमच्या तीन वस्तू संस्थेत आणून देऊन गेला. घडी घातलेली पांढरी काठी, बैठकीत लावायचा छोटा रेकॉर्डर आणि तुमचं बोलणारं घड्याळ. मी त्या कपाटात ठेवल्या. घड्याळ बंद कसं करायचं ते कुणालाच माहीत नाही. दर तासाला कपाटाच्या आतून घड्याळातली बाई शांतपणे वेळ सांगते. तुम्ही म्हणायचात, ही माझ्याशी हिंदीत बोलते म्हणजे हिला माझा धाक आहे. आता तिला कुणाचाच धाक नाही. मी एकटा कागद चाळत असतो आणि कपाट म्हणतं, "तीन बजे हैं." मी दरवेळी दचकतो, आणि दरवेळी तोंडातून "हो" निघून जातं.

तुम्ही गेल्यावरची पहिली बैठक श्रद्धांजलीची होती. चारला आम्ही बसलो. कपाटातून चार वाजल्याचं आलं आणि टेबलाभोवतीची सगळी माणसं एकदम सरळ झाली, तुम्ही आत आल्यावर व्हायची तशी. मग पंचाईत झाली. "कोण कोण आलंय?" हे तुम्ही विचारायचं आणि आम्ही एकेकाने नाव सांगायचं. आता विचारणारं कुणी नाही, आणि ज्यांच्यासाठी नावं सांगायची त्या तुम्हीही नाही. आम्हा सगळ्यांना चांगलं दिसतं. तरी शिंदे मॅडमनी सुरुवात केली, "मी शिंदे." मग पुढचे, मग त्यापुढचे. शेवटी माझं नाव झालं.

आणि मग एक जागा रिकामी राहिली. कशी सांगू? नावं संपली होती, पण यादी संपली नव्हती. त्या शांततेत माझ्या पाठीमागे, कपाटाच्या बाजूला, कुणीतरी श्वास घेतला. बोलण्याआधी माणूस घेतो तसा, छातीभर. शेजारच्या कारखान्यातला पत्रा ठोकणारा प्रेसही नेमका तेव्हा थांबला होता. समोर बसलेल्या शिंदे मॅडमनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. मी वळलो नाही. घसा साफ केला आणि म्हणालो, "चला, सुरू करू."

मी आयुष्यभर कारखान्यात तपासणीच्या खात्यात होतो. केसाएवढी फट मला नुसत्या नजरेला दिसायची. असा माणूस मागे वळून पाहायला घाबरला. तुम्हाला हे ऐकून बरं वाटलं असतं. तुम्ही मला एकदा अंधारातून बाहेर काढलं आहे. त्या सरकारी इमारतीच्या तळघरात, जुन्या फायली शोधताना, दिवे गेले. मी जागच्या जागी खांब झालो होतो. तुम्ही माझं कोपर धरलंत, "चला, आता माझं राज्य," म्हणालात आणि रॅकच्या गल्ल्यांतून एकदाही न अडखळता मला जिन्यापर्यंत आणलंत. वर आल्यावर म्हणालात, तुम्ही घाबरलात की घसा साफ करता, माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. बायकोलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी तुमच्यावर माझा जीव जडला, हे आज सांगून टाकतो. तोंडावर म्हणालो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, आधी नाव सांगा.

आता भांडणाकडे येतो, ते टळणार नाही.

तुम्हाला अध्यक्षपद सोडायचं होतं आणि मंगलला द्यायचं होतं. मंगल, आपल्या फॉर्मच्या टेबलावरची. व्हीलचेअरवरची, अडतीस वर्षांची, जिला एक वाक्य पूर्ण करायला आपल्याला पाच वाक्यांना लागतो तेवढा वेळ लागतो. प्रत्येक शब्द तिला आतून ओढून काढावा लागतो आणि अनोळखी माणसाला तो शब्द कळेलच असं नाही. प्रमाणपत्राचे अर्ज, दुरुस्तीला आलेल्या खुर्च्या, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, सगळं तिच्या डोक्यात. मी ते नाकारत नव्हतो. मी एवढंच म्हणत होतो की अध्यक्ष म्हणजे तोंड. तुम्ही म्हणत होतात की नाही, अध्यक्ष म्हणजे कान. तीन महिने हेच चाललं होतं.

तुमच्या शेवटच्या बैठकीत मी म्हणालो, "साहेब लोक आपल्याला दोन मिनिटं देतात. मंगलचं नाव सांगून होईपर्यंत ती संपतील." एकदोघं हसले. तुम्ही शांतपणे म्हणालात, जिच्यासाठी थांबावंच लागतं अशी बाई त्या खुर्चीत बसली की थांबायची सवय लागेल, आधी आपल्याला, मग साहेबांना.

मला राग आला. खरं कारण सांगतो, कारण आता लपवून काय करायचं? ती खुर्ची मला हवी होती. चौदा वर्षं मी इतिवृत्तं लिहिली, तुमच्या बाजूला उभा राहून कुठली पायरी कुठे आहे ते सांगितलं, आणि मनात धरून बसलो की तुमच्यानंतर मी. तुम्ही कधी तसं म्हणाला नव्हतात. मीच ते गृहीत धरलं होतं.

तुम्ही पुढचं बोलत होतात आणि मी डोळ्यांनी बाकीच्यांना दाराकडे खूण केली. ही विद्या आम्हाला चांगली अवगत होती. तुमच्या डोक्यावरून आम्ही वर्षानुवर्षं भुवयांनी बोलायचो. तुम्ही एकदा म्हणालाही होतात की तुम्ही लोक डोळ्यांनी बोलायला लागलात की खोलीला एक वेगळीच शांतता येते, ती मला ऐकू येते. आम्ही ओशाळलो आणि आठ दिवसांत पुन्हा सुरू झालो.

चपला बाहेर होत्या. अनवाणी पायांचा आवाज झाला नाही, आणि शेजारी प्रेस धडधडत होता. एकेक करून आम्ही सगळे व्हरांड्यात आलो. कुणीही "मी निघतो" म्हटलं नाही. चहा घेतला. माझ्या नावावर एकमत करायचं ठरलं. आतून तुमचा आवाज येत होता, मुद्देसूद, न थांबता. दहा मिनिटांनी आम्ही तसेच पाय न वाजवता आत जाऊन बसलो. तुम्ही बोलतच होतात. मग थांबलात आणि म्हणालात, "पुढचा विषय."

त्यानंतर सोळा दिवस तुम्ही होतात. तीनदा आपण भेटलो. एकदा तुम्ही मला घरची शेंगदाण्याची चटणी दिलीत. सोळा दिवसांत मला एक वाक्य बोलायला जमलं नाही. तुम्हाला कळलंय की नाही हेच ठरवत बसलो, जणू कळलं नसेल तर मी केलं ते कमी ठरणार होतं.

नवीन अध्यक्ष निवडायचा तर मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून मंजूर करावं लागतं. ते मी लिहिलंच नव्हतं, कारण लिहायचं तर रेकॉर्डर ऐकावा लागणार होता. शेवटी औद्योगिक वसाहतीच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी कुलूप काढून बसलो. एकही मशीन चालू नव्हतं. सातपूरला इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. मी कपाटातून रेकॉर्डर काढला आणि कळ दाबली. बाहेर शांतता आणि त्या एवढ्याशा डबीत प्रेस धडधडायला लागला.

सुरुवातीला नावं होती. शिंदे, बाकीचे, मी. माझ्या नावानंतर एक श्वास होता. खोल, छातीभर. तोच. मी पुन्हा मागे नेऊन ऐकलं. श्वास, मग एक आवाज, "मी मं", आणि लगेच त्याच्यावर माझा आवाज, "चला, सुरू करू."

मग भांडण. माझा तो दोन मिनिटांचा विनोद, लोकांचं हसणं. मग फक्त तुम्ही. तुम्ही बोलत होतात आणि मला माहीत होतं की आम्ही आता उठतोय, आता बाहेर पडलो, आता खोली रिकामी आहे. तुम्ही वाक्याच्या मधेच थांबलात.

"भाऊ?"

मी इथे बसून "हो" म्हणालो, ताई. खरंच म्हणालो.

"गेले वाटतं सगळे," तुम्ही म्हणालात. रागाने नाही. पाऊस थांबला वाटतं, असं म्हणावं तसं. मग बराच वेळ फक्त प्रेस. आणि मग रिकाम्या खोलीत पुन्हा तो श्वास. मी कपाटाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. आणि डबीतून सावकाश, एकेक शब्द ओढून काढत, आवाज आला.

"ताई. मी मंगल. मी हाय."

ती तिथेच होती. खुर्च्यांच्या दुरुस्तीचा अहवाल द्यायला ती महिन्याच्या बैठकीला येते. भिंतीजवळच्या बाकामुळे तिची व्हीलचेअर टेबलापर्यंत येत नाही, म्हणून ती कपाटाच्या बाजूला, माझ्या पाठीशी असते. मी उठून तिच्या चाकाला वळसा घालून बाहेर गेलो असणार. सगळेच तसे गेले असणार. केसाएवढी फट पकडणारा माणूस मी. तिच्याबद्दलचं ते वाक्य मी तिच्यापासून दोन हातांवर म्हणालो होतो, आणि तिला सोडून बाहेर पडताना मला वाटलं, खोली रिकामी केली.

"कधीपासून आहेस?" तुम्ही विचारलंत.

"पयल्या... पासून."

"मग बैठक चालू आहे. बोल."

ती बोलली. तुम्ही एकदाही तिचा शब्द पुरा केला नाहीत. शेवटी ती म्हणाली, "भाऊ... चिडतील."

"भाऊ चिडत नाहीत गं, घाबरतात. आधी घसा साफ करतात बघ. पण लिहितात खरं. चौदा वर्षांत माझं एक वाक्य त्यांनी बदललं नाही. तू तेवढा विश्वास ठेव त्यांच्यावर."

तिने विचारलं, हे त्यांना सांगू का? तुम्ही म्हणालात, नको, त्यांचं ते ऐकतील कधीतरी. मग एकदम हळू आवाजात, "आले." मला रेकॉर्डरवर पावलं ऐकूच आली नाहीत. आणि मग मोठ्याने, "पुढचा विषय."

मी त्या दुपारी रडलो, ताई. टेबलावर डोकं ठेवून, आवाज काढून रडलो. कपाटाने मला वेळ सांगितली. मग मी इतिवृत्त लिहिलं, सगळं, आम्ही बाहेर गेलो तेही आणि हजर सदस्य म्हणून राहिलेल्या दोघींचं बोलणंही. एकही वाक्य बदललं नाही.

परवा निवडीची बैठक झाली. आधी मी आणि शिंदे मॅडमनी भिंतीजवळचा बाक उचलून व्हरांड्यात नेला. पाच मिनिटांचं काम. चौदा वर्षं तो बाक तिथे होता. मंगलची खुर्ची टेबलाला लागली. नावं झाली, माझं झालं, आणि मी गप्प बसलो. श्वास आला. मधेच घड्याळाने चार वाजवले तरी कुणी हललं नाही. मग पुरं नाव आलं. मी उठून इतिवृत्त वाचलं आणि अध्यक्षपदासाठी मंगलचं नाव मांडलं. दोघांनी हात वर केला नाही. ते कोण हे तुम्हाला न सांगता कळेल. बाकीच्यांनी केला. अध्यक्ष म्हणून तिचं पहिलं वाक्य होतं, "पुढचा विषय." त्याला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

संपल्यावर मी तिच्याजवळ गेलो. चुकलं म्हणालो. ती हसली. "लय दिवस लावले भाऊ... ऐकायला." मी म्हणालो, श्रद्धांजलीच्या बैठकीतही तू माझ्या मागे नाव सांगायला श्वास घेतलास आणि मी तुला पुन्हा तोडलं, त्याचंही चुकलं.

तिने नाही अशी मान हलवली.

"त्या दिवशी... मी नव्हते. नांदगावला... होते. आईकडं."

मी शिंदे मॅडमकडे पाहिलं. त्या पर्स बंद करत होत्या, आणि बराच वेळ बंद करत राहिल्या. हजेरीपट उघडला तर त्यात मंगलची सही कुठल्याच बैठकीला नाही, आम्ही कधी घेतलीच नव्हती. ती होती की नव्हती हे माझ्या कुठल्याही कागदावरून सिद्ध होत नाही. मंगल खोटं बोलत नाही एवढं मला माहीत आहे.

सगळे निघाले. आता कुणी विसरत नाही. "मी शिंदे, निघते." "मी मंगल. निघते." रिक्षाचा आवाज वळणापर्यंत गेला. खोलीत मी एकटा होतो. दिवे घालवायला उठलो आणि दाराशी थांबलो, कारण तेवढं एक वाक्य मी तुमचं देणं लागत होतो आणि ते म्हणायला चारचौघांसमोर लाज वाटली असती.

"ताई, मी प्रभाकर," मी म्हणालो. "मी निघतो. त्या दिवशी सांगायचं राहिलं."

प्रेस थांबला होता. कपाटाच्या बाजूला, जिथे आता बाक नाही, चाक नाही, काहीच नाही, कुणीतरी छातीभर श्वास घेतला.

घसा साफ करावासा वाटला, पण मी केला नाही. खुर्ची ओढली, तुमच्या खुर्चीसमोर बसलो आणि वाट पाहू लागलो. सावकाश बोला, ताई. मला घाई नाही.